अंबूचा बाप

टेंभूरवाडी, धामणगाव बढ्याजवळ
कार्तिक वद्य पंचमी, शके १८४२

दादा,

तुले अन् वहिनीले नमस्कार, मायच्या पायावर डोकं. हे पत्र आपल्या शाळेचे महादेव मास्तर लिहून राह्यले. त्यायनं इचारलं, शुद्ध करून लिहू का? म्या म्हटलं, नका बापा, मी बोलते तसंच लिहा, नाही तं दादाले वाटन कोण्या पुण्याच्या बाईनं पत्र धाडलं.

पहिले वाईट सांगून टाकते. माहा उजवा हात गेला. म्हंजे आहे जागेवर, पण कामाचा नाही राह्यला. औंदा पाणी पडलं नाही हे तुले सांगाले नको, वावरं कोरडी ठक्क आहेत. सरकारनं धामणगावच्या रस्त्याले गिट्टी फोडाचं काम काढलं, तिथं मी अंबूले झाडाखाली बसवून जात होती. शेजारच्या बाईच्या हातचा घण सुटला अन् माह्या बोटायवर आला. दवाखान्यात पट्टी बांधली, पण बोटं मिटत नाहीत. घासबी डाव्या हातानं घेते. अंबू हसते. म्हणते, माय लहान पोरीवानी सांडून खाते.

आता चांगलं ऐक. ज्याच्यानं काम होत नाही अन् ज्याले पोसणारं कोणी नाही, त्याले सरकार दाणे देऊन राह्यलं. किसनराव पाटलानं माहं अन् अंबूचं नाव यादीत घातलं. दर सोमवारी मारोतीच्या पारावर नावं पुकारतात अन् ज्वारी मोजून देतात. लई नाही भेटत, पण अंबूचं पोट भरते अन् माहंबी बरंचसं भरते. अंबूचा बाप पाटलानं 'बेपत्ता' म्हणून लिहिला. दोन वर्षं झाले, ना चिठ्ठी ना चपाटी. मंग बेपत्ताच नाही तं काय?

तपासाले साहेब आला होता. म्हणे, भाऊ आहे ना तुला? म्या म्हटलं, हाव, आहे, मेहकरले वकिलापाशी दिवसभर कागद काळे करते. कागद खाता आले असते तं आमी कधीचे लठ्ठ झालो असतो. साहेब हसला अन् पुढं गेला.

तू घोर करू नको. मायले हाताचं सांगू नको.

कोकिळा


मेहकर
मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी, शके १८४२

चिरंजीव सौभाग्यवती कोकिळेस वामनचे आशीर्वाद.

तुझे पत्र आले तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. हाताचे दुःख तर आहेच, पण त्याहून मोठे दुःख तुझ्या त्या सोमवारचे. आपल्या बाबांच्या दारातून कोणी उपाशी गेले नाही आणि त्यांची लेक पारावर पदर पसरून उभी राहते! मेहकरात चार लोक मला ओळखतात. उद्या कोणी म्हणाले, 'वामनराव, बहीण खैरात खाते म्हणे', तर मी तोंड कुठे लपवू?

आता नीट ऐक. तुळशीराम बेपत्ता वगैरे काही नाही. खामगावला एका जिनात सरकी-कापसाच्या कामावर आहे, हे मला आमच्या एका पक्षकाराकडून पक्के कळले. तुला सांगवत नाही, पण सांगितलेच पाहिजे. त्याने तिथे एका विधवेशी मोहतूर लावला आहे. तिच्यासोबत संसार मांडून बसला आहे. हा माणूस दर आठवड्याला रोख पगार घेतो आणि त्याची पोर सरकारच्या दाण्यावर!

कायदा असा आहे की, बायकोला आणि लेकराला टाकणाऱ्याकडून कोर्ट दरमहा पोटगी देववते. दिली नाही तर वॉरंट, तरी नाही दिली तर तुरुंग. आमचे वकीलसाहेब फी घेणार नाहीत, मी बोलून ठेवले आहे. खैरात ती खैरात, पोटगी हा हक्क. हक्काचे खावे.

तुम्हा दोघींना इकडेच आणावे असे मनात येते. पण शालूच्या सोयरिकीचे बोलणे सुरू आहे. मंडळी खडूस आहेत, घरात नवऱ्याने टाकलेली आत्या दिसली की शंका काढतील. तू शहाणी आहेस. आई तुझी आठवण काढते.

तुझा
वामन


टेंभूरवाडी
पौष शुद्ध सप्तमी, शके १८४२

दादा,

पदर नाही पसरत मी. टोपली नेते.

तुहं पत्र मास्तरानं शाळेच्या ओट्यावर वाचलं. बाजाराचा दिवस होता, पाच-पन्नास माणूस होतं. मोहतुराची ओळ आली अन् मास्तर थांबले. म्या म्हटलं, वाचा न पुढं, मेलं का कोणी? समद्यायच्या देखत हसली. घरी जाऊन भाकरी केल्या, अंबूची येणी घातली, अन् मंग चुलीपुढं बसून रडली. दोन वर्षं मी समजून राह्यली होती का त्याले काही झालं असन. रेल्वेखाली सापडला असन, तापानं गेला असन. देवाले म्हणत होती, कसाबी असो, राहू दे. तं तो राह्यला. मजेत राह्यला.

दाव्याचं माह्या मनात नाही. दाणा हातात आहे, तो सोडून कागदाच्या मागं काऊन लागावं? पाटीलबी म्हणे, कोकिळे, सुरळीत चाललं आहे तं काडी नको घालू. पण तुले लाज वाटून राह्यली. बाबाच्या माघारी माह्यासाठी उभं राहणारा तूच एक आहेस. अन् अंबूबी इचारते, सगळ्यायले बाप आहे, माहा कुठं आहे? तिले सांगाले तरी काही पाह्यजे.

लाव दावा. तारीख कळव, मी येते.

कोकिळा


मेहकर
माघ वद्य प्रतिपदा, शके १८४२

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

कोर्टात तुझ्याशी धड बोलता आले नाही, तुला गाडी गाठायची होती. हुकमाची नक्कल आज हातात आली, सोबत पाठवतो. तुला आणि अंबूला मिळून दरमहा पाच रुपये! तुळशीरामाची मान कशी खाली गेली होती पाहिलीस ना? अंबू त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि त्या गाढवाने एकदा म्हणून पोरीकडे पाहिले नाही.

तुझ्यावर मात्र मी रागावलो होतो. कारकून नवऱ्याचे नाव विचारतो आणि तू पदर तोंडात धरून उभी! पुन्हा विचारले, पुन्हा तेच. शेवटी मलाच सांगावे लागले की, साहेब, आमच्याकडे बाया नवऱ्याचे नाव घेत नाहीत. न्यायाधीशही हसले. अगं, ज्याने टाकले त्याचे नाव घेतले तर कोणते पाप लागणार होते? वरून मला म्हणतेस, 'दादा, अंबूचा बाप म्हटलं तं चालत नाही का?' धन्य आहेस.

आता माझे एक ऐकायचे. ही नक्कल सोमवारी मास्तरांकडून पारावर मोठ्याने वाचून घे. सगळे गाव जमलेले असते तेव्हाच. गावाला कळू दे की कोकिळा निराधार नाही, तिच्या पाठीशी कायदा आहे. थोडा गूळ वाट, पैसे मी देईन. मी तुझ्या वहिनीला, कौशल्येला सांगितले, माझ्या बहिणीचे काम मी केले. आज फार दिवसांनी झोप लागेल.

तुझा
वामन


टेंभूरवाडी
फाल्गुन वद्य तृतीया, शके १८४२

दादा,

कागद वाचला. मास्तरानं असा खणखणीत वाचला का पलीकडच्या आळीत ऐकू गेला. गूळबी वाटला. बाया म्हणे, कोकिळे, जितलीस वं. मलेबी दोन घटका तसंच वाटलं.

त्याच्या पुढच्या सोमवारी नावं पुकारली. माह्या अगोदरची झाली, माह्या नंतरची झाली, अन् पोतं रिकामं झालं. म्या पाटलाले इचारलं, माहं राह्यलं जी. पाटील खाली पाहून म्हणे, वाचाले नको होतं वं पोरी. म्हणे, म्या तं कागद ऐकलाच नाही असं केलं असतं, पण त्या दिवशी साहेब पारावरच बसला होता.

मी साहेबापुढं गेली. साहेब वाईट माणूस नाही. त्यानं मले नियम समजावून सांगतला. ज्याले कायद्यानं नाही तं रीतीनं पोसणारा माणूस आहे, त्याले सरकारचे दाणे भेटत नाहीत. तुला पोसणारा आहे, म्हणे, कोर्टानंच ठरवला.

म्या म्हटलं, साहेब, ठरवला, पण देते कुठं? एक पैसा नाही आला.

म्हणे, ते कोर्टाचं काम.

म्या म्हटलं, मंग कोर्ट ज्वारी देईन का?

पारावरची माणसं हसली. साहेब नाही हसला. त्यानं वही मिटली अन् म्हणे, बाई, मी नियम केला नाही.

दादा, तं आता असं आहे. पह्यले बाप नव्हता तं दाणे होते. आता बाप आहे तं दाणे नाहीत, अन् बापबी नाही. तू कायदा जाणतोस. त्याच्याकडून पैसे तरी आण, नाही तं माहं नाव तरी परत घालाले लाव. घरात आठ दिवसाचे दाणे आहेत. पुरवून पुरवून खाऊन राह्यलो.

कोकिळा


मेहकर
चैत्र शुद्ध एकादशी, शके १८४३

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

वॉरंट काढले. शिपाई खामगावला गेला तर पक्षी उडालेला! जिनाचा हंगाम संपला आणि हा त्या बाईला घेऊन मुंबईकडे गेला म्हणतात. मी स्वतः खामगावला जाऊन दोन दिवस धक्के खाल्ले. मुंबईत कुठे, कोणत्या गिरणीत, कोणाला ठाऊक नाही. पत्ता नाही तर वॉरंट कोणाच्या हातात द्यायचे?

मग वकीलसाहेबांना म्हटले, हुकूमच रद्द करून घेऊ, म्हणजे तिचे नाव परत यादीत जाईल. ते म्हणाले, काही उपयोग नाही. हुकूम असो वा नसो, नवरा जिवंत आहे, हातपाय धड आहेत, हे आता कागदावर आले. कायद्याने तो बांधलेला. तो देतो की नाही हे त्या नियमात कोणी विचारत नाही.

कायदा खोटा नाही गं. खोटा तो हरामखोर आहे. सापडला की तुरुंगात घालीन, हे माझे वचन.

साखरखेर्ड्याच्या बाजारात आमचा एक ओळखीचा गाडीवान भेटला, तो तुमच्या बाजूला येणार आहे. त्याच्याबरोबर दोन पायल्या ज्वारी देतो. इकडेही महागाई फार आहे. धीर धर.

तुझा
वामन


टेंभूरवाडी
वैशाख वद्य दशमी, शके १८४३

दादा,

तुही ज्वारी आली होती. देव तुले देवो. ती सरूनबी लई दिवस झाले.

एका हाताच्या बाईले कोणी कामावर घेत नाही. मी चिंचोके भाजून, कुटून, त्याचं पाणी करते. उंबरं भेटली तं उंबरं. शेजारची अंबूबाई पोरीले आपल्या नावाची म्हणून कधी अर्धी भाकर देत होती, आता तिचंच घर आठ दिवसापासून थंडं आहे.

अंबू अगोदर रडत होती. आता रडत नाही अन् मागतबी नाही. तिच्या पायावर सूज आली, बोट दाबलं का खळगा पडते अन् तसाच राहते. काल चुलीपुढं येऊन बसली. चुलीत जाळ नव्हता. म्हणे, माय, नुसतं पेटव ना. म्या काड्या आणून पेटवली. दोघीजणी रिकाम्या चुलीपुढं बसलो.

दादा, आजपर्यंत म्या तुले काही मागतलं नाही. आता मागते. मी नाही येत, मले तुही अडचण कळते. अंबूले ने. दोन महिने, पाऊस पडून वावरात काही उगवेपर्यंत. ती खोड्या करत नाही. वहिनीच्या हाताखाली झाडू मारन, तिचं बाळंतपण झालं का बाळाचा पाळणा हालवन. सोयरे आले तं सांगा, नात्यातली आहे. मामाच्या घरी भाची राह्यली तं कोणाले काय वाटणार आहे?

गाडीभाडं नको धाडू. मी तिले पाठीवर घेऊन मेहकरापर्यंत चालत आणते, गावाबाहेर तुह्या हातात देते अन् तशीच माघारी फिरते. फक्त हाव म्हण.

कोकिळा


मेहकर
ज्येष्ठ वद्य द्वितीया, शके १८४३

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. कौशल्येचे बाळंतपण अवघड गेले, अजून ती उठत नाही. शिवाय गावात पटकीची साथ आहे, अशा हवेत लहान पोरीला आणणे शहाणपणाचे नाही. त्यात शालूच्या सासरची माणसे याच महिन्यात घर बघायला येणार आहेत. बाप जिवंत असून पोर मामाकडे का, हा प्रश्न त्यांनी विचारला तर मी काय सांगू? तो प्रश्न तुझ्यापर्यंत जातो, तुझ्यापासून घरापर्यंत येतो.

तू असे समजू नकोस की दादाला पाझर फुटत नाही. मार्गशीर्षात लग्न होऊन जाऊ दे, मग अंबूला आणू. तोवर थोडी कळ काढ. हिवऱ्याकडे पाऊस पडला म्हणतात, तुमच्याकडेही पडेलच. सोबत दोन रुपयांची मनिऑर्डर करतो आहे. सध्या एवढेच जमते.

तुझा
वामन


टेंभूरवाडी
आषाढ शुद्ध नवमी, शके १८४३

दादा,

अंबूचं नाव यादीत आलं. माहंबी आलं. गेल्या सोमवारपासून दाणे भेटून राह्यले.

कसं आलं ते तुले दुसऱ्याच्या तोंडून कळाच्या आत मीच कळवते. म्या पारावर, साहेबापुढं, पाटलापुढं अन् पंचापुढं सांगतलं का तुळशीराम अंबूचा बाप नाही.

साहेबानं इचारलं, मग कोण आहे? म्या म्हटलं, ते मी सांगणार नाही. पंच म्हणे, मारोतीच्या पायरीवर हात ठेवून सांग. म्या ठेवला. साहेबानं लिहून घेतलं. बदफैली बायकोले पोसाले नवरा बांधलेला नाही, अन् दुसऱ्याच्या लेकराले तं नाहीच नाही. आता आमाले कायद्यानं पोसणारं कोणी राह्यलं नाही.

पंचानं जातीबाहेर टाकलं. विहिरीवर आमी सगळ्यायच्या मागून जातो. अंबूनं त्या दिवशी भाकर खाल्ली अन् ओकली, पोटाले सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी राह्यली पोटात.

मास्तर लिहून राह्यले अन् माह्याकडं पाहून राह्यले नाहीत. ओट्यावरची माणसं ऐकून राह्यली. एवढंच सांगाचं होतं.

कोकिळा


मेहकर
आषाढ वद्य चतुर्थी, शके १८४३

कोकिळा,

पत्र मिळाले. त्याच्या आधी बातमी मिळाली होती, धामणगावच्या बाजारातून दोघांनी येऊन सांगितली. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. म्हटले, माझी बहीण तसली नाही. तुझ्या पत्राने मला त्यांच्यापुढे खोटे पाडले.

तुळशीरामाला मी नाही नाही ते बोललो. कोर्टात त्याची मान खाली का होती, ते आज कळले. सगळे ठाऊक असून तो गप्प राहिला होता.

यापुढे पत्र पाठवू नये. उत्तर येणार नाही.

वामन


टेंभूरवाडी
आश्विन वद्य अष्टमी, शके १८४३

दादा,

तू नको म्हटलं तरी हे एक पत्र धाडते. फाडून टाकाचं असन तं वाचून फाड.

मूग-उडीद निघाले. सरकारनं दाणे वाटणं बंद केलं, वही मिटली, साहेब गेला. म्हणून आज बोलते. शाळेच्या ओट्यावर नाही, मास्तराच्या घरी आली अन् दार लावाले सांगतलं. ते एकटेच ऐकून राह्यले.

म्या खोटं सांगतलं होतं. अंबू तुळशीरामाचीच आहे. त्याच्याशिवाय माह्या जिंदगीत दुसरा माणूस नाही. तेव्हा नाही, आता नाही.

तुहं ज्येष्ठाचं पत्र मास्तरानं वाचलं त्याच दिवशी अंबूनं डोळे उघडणं सोडलं. बोलावलं तं हुं म्हणे, पण डोळे नाही उघडे. मी तिले पाठीवर घेऊन साहेबाकडं गेली. म्हटलं, साहेब, कोणत्या बाईले भेटतात दाणे ते तरी सांगा. तो बिचारा म्हणे, जिचा नवरा मेला तिले, अन् जिनं दुसरा केला म्हणून नवऱ्याचं बांधणं सुटलं तिले. मी घरी आली. नवरा मेला म्हणाले जीभ वळली असती माही, पण त्याले कोर्टात समद्यायनं धडधाकट पाह्यला होता. मंग दुसरीच वाट राह्यली.

सोमवारी पारावर उभी राह्यली. पंच म्हणे, कोण बाप नाही ते नावानं सांग. अंबूचा बाप म्हणता येईना, तेच तं खोडाचं होतं. मंग म्या नवऱ्याचं नाव घेतलं. आठ वर्षाच्या संसारात पह्यल्यांदा घेतलं, अन् तेबी तो कोणी नाही हे सांगाले. तुले कोर्टात राग आला होता न, मी नाव घेत नाही म्हणून?

तुले तेव्हाच खरं लिहिलं असतं. पण माहं पत्र म्हंजे चावडी. मी सांगते, मास्तर लिहितात, गाव ऐकते. मास्तर सरकारचा पगार खातात, त्यायच्या गळ्यात माहं खोटं काऊन बांधू? एका कानाले खरं कळलं असतं तं पुढच्या सोमवारी पोतं पुन्हा माह्याअगोदर सरलं असतं. म्हणून तुलेबी खोटंच लिहिलं. मले वाटे, दादाले तरी कळन. लहानपणापासून माहं खोटं तू तोंड पाहून ओळखत होता. पण पत्राले तोंड नसते.

मारोतीची शपथ खोटी खाल्ली, त्याचं तो पाहून घेईन. तुले माह्यावर भरोसा बसला तं दोन ओळी धाड. बाकी काही नको.

कोकिळा

वामनराव यांस महादेव मास्तरचा नमस्कार. वरील मजकूर त्यांनी सांगितला तसा लिहिला. मी माझ्याकडून एवढेच लिहितो की, माझा त्यांच्या प्रत्येक शब्दावर विश्वास आहे आणि आषाढात मी त्यांच्याकडे पाहिले नाही याची मला लाज वाटते.


मेहकर
कार्तिक वद्य षष्ठी, शके १८४३

माझी कोकिळा,

पत्र परसात जाऊन वाचले आणि तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडलो. विश्वास आहे गं, पोरी. तू लिहिलेस म्हणून नाही, वाचता वाचता कळले की हे मला आधीच ठाऊक होते. तोंड नाही पाहिले म्हणून ओळखले नाही, असे तू लिहितेस. ते तुझे मोठे मन.

पण आता काय करू ते सांग. पंचांकडे जाऊन आलो. ते म्हणतात, शपथ घेऊन सांगितलेले परत घेता येत नाही. आता जातीत येण्यासाठी खोटे बोलते आहे. साहेबांच्या कागदावर तुझा अंगठा आहे. आणि शालूचे सासरे... त्यांच्या कानावर गेले होते. ते उठून चालले होते कोकिळा, टिळ्याचा नारळ तसाच पाटावर ठेवून. मी त्यांचे पाय धरले. म्हटले, ती आमची सख्खी नव्हे, आम्हाला बहीणच नाही. तेव्हा बसले.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे लग्न आहे. तू येऊ नकोस. लग्नाला नाही आणि नंतरही काही वर्षे नाही. अंबूला आणतो म्हणालो होतो, तेही आता होणे नाही.

आईला अंथरूण सोडवत नाही. वैद्य म्हणतात, आठ-पंधरा दिवस. तिला यातले काही माहीत नाही. शुद्धीवर आली की तुलाच विचारते, आणि मी खोलीबाहेर जातो.

तुझा
वामन


टेंभूरवाडी
कार्तिक वद्य द्वादशी, शके १८४३

दादा,

पत्र भेटलं. विश्वास आहे म्हणून लिहिलं, तेवढा भाग मास्तराकडून दोनदा वाचून घेतला.

मास्तर चिडले. म्हणे, हा कसला भाऊ! म्या त्यायले गप केलं. तुले तुह्या पोरीचं पाहाचं, मले माह्या पोरीचं. तू म्हणाला बहीण नाही, म्या म्हटलं बाप नाही. तुले नावं ठेवाले माह्या तोंडात जागा कुठं आहे?

मी येत नाही, घोर करू नको. शालूले माह्या नावानं हळद लावू नको, पण मनातल्या मनात आशीर्वाद दे. चांगलं घर भेटलं म्हणा पोरीले.

अंबू बरी आहे. पायाची सूज उतरली. गावातल्या पोरी तिच्यासंगं खेळत नाहीत, ती कोंबडीच्या पिलायसंगं खेळते अन् त्यायले नावं ठेवते. मी डाव्या हातानं निंदण कराले शिकली, अंबूबाईच्या वावरात. ती बोलावते, जातीले भीत नाही. दोघींचं भागते.

आता मायचं. तिच्यापुढून उठून जाऊ नको, बस तिच्यापाशी. तिनं इचारलं तं तिले कोर्ट, पार, शपथ काही सांगू नको. येणार नाही असंबी म्हणू नको. तिचा हात हातात घे अन् म्हण, कोकिळा निघाली आहे माय, पोरीले संगं घेऊन येऊन राह्यली.

कोकिळा